दीड मिलिमीटर आत : युटा विद्यापीठातल्या शंभर सुयांची वाटचाल

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये डोंगराच्या पायथ्याशी युटा विद्यापीठ आहे. मेंदूवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचं नाव रोज घेतलं जातं, ते एका वस्तूमुळे. जेमतेम चार मिलिमीटर लांबी-रुंदीचा सिलिकॉनचा एक चौकोनी तुकडा. त्यावर दहा ओळींत दहा, अशा शंभर सुया उभ्या. प्रत्येक सुई दीड मिलिमीटर लांब, शेजारच्या सुईपासून ४०० मायक्रोमीटर अंतरावर. सुईचं फक्त टोक विजेसाठी उघडं, बाकी अंगावर रोधक लेप. संशोधक या तुकड्याला ‘युटा ॲरे’ म्हणतात. हात-पाय निकामी झालेल्या माणसाने नुसत्या विचाराने पडद्यावरचा बाण हलवला, वाचा गेलेल्या माणसाचं वाक्य संगणकाने बोलून दाखवलं, अशा बातम्या गेल्या वीस वर्षांत आपण वाचल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी हाच तुकडा होता.

बातम्यांमध्ये श्रेय जातं ते संगणकाच्या हुशारीला. ती हुशारी खरीच आहे. पण ती कामाला लागण्याआधी कुणीतरी सिलिकॉन करवतीने कापलं, आम्लात झिजवलं, काच वितळवून भरली, टोकावर धातू चढवला आणि तो तुकडा जिवंत मेंदूत बसवायची रीत शोधली. युटातली वाटचाल ही मुख्यतः या हातच्या कामाची आहे. आज ही विद्या जिथे अडली आहे, ती अडचणही त्याच जातीची आहे.

सुरुवात सुयांच्या बरीच आधीची. १९६७ साली विलेम कोल्फ नावाचे डच डॉक्टर युटा विद्यापीठात आले. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन या छोट्या गावातल्या रुग्णालयात त्यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड उभं केलं होतं. रक्त फिरवण्यासाठी लागणारी नळी त्यांनी बनवली ती सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात त्या सेलोफेनची. असा माणूस युटात आला आणि त्याने कृत्रिम अवयवांचा विभाग आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीची संस्था उभारली. डॉक्टर आणि यंत्रकार एकाच छपराखाली बसले पाहिजेत, आणि जे बनेल ते शेवटी माणसापर्यंत पोहोचलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. २ डिसेंबर १९८२ रोजी याच विद्यापीठात बार्नी क्लार्क या दंतवैद्यांना जार्विक-७ हे कृत्रिम हृदय बसवलं गेलं आणि ते ११२ दिवस जगले. ती कथा जगाला माहीत आहे. त्याच छपराखाली कान, हात आणि डोळे यांच्यावरही काम चाललं होतं, हे फारसं माहीत नाही.

डोळ्यांचं काम विल्यम डोबेल यांच्याकडे होतं. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल लुइन यांनी, १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एका अंध स्त्रीच्या मेंदूच्या पृष्ठभागावर, दृष्टीचं काम चालतं त्या भागात, इलेक्ट्रोडांचा पट्टा ठेवून पाहिला होता. वीज सोडली की तिला प्रकाशाचे ठिपके दिसत. डोबेल यांच्या गटाने ती दिशा पुढे नेली. १९७४ साली त्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. १९७६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी सांगितलं, की मेंदूवरच्या इलेक्ट्रोडांतून दिसणाऱ्या ठिपक्यांनी एका अंध स्वयंसेवकाने ब्रेलची अक्षरं ओळखली. हे मोठं यश होतं, पण त्यातच एक अडसरही उघडा पडला. मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडाला एक ठिपका उमटवायला हजारो मायक्रोॲम्पिअर, म्हणजे मिलिॲम्पिअरच्या मापातला प्रवाह लागतो. एवढा प्रवाह पसरतो, एकाच वेळी हजारो चेतापेशींना हलवतो आणि शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. ठिपके बारीक आणि वेगळे हवे असतील, तर पेशींच्या जवळ जायला हवं. पेशी आत आहेत.

कानाच्या कामातली एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती पुढे उपयोगी पडेल. युटात डोनाल्ड एडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या श्रवण-रोपणाला पुढे ‘इनेरेड’ हे नाव मिळालं. त्यात कातडीतून बाहेर येणारी, कवटीला घट्ट केलेली एक जोडणी होती. तिच्यातून तारा सरळ कानातल्या इलेक्ट्रोडांपर्यंत जात. कातडीला कायमचं भोक हा दोषच. पण या उघड्या वाटेमुळे संशोधकांना आतल्या इलेक्ट्रोडांवर हवा तो संकेत सोडता येई. ब्लेक विल्सन यांनी १९९१ साली ‘नेचर’मध्ये बोलणं ऐकवण्याची नवी पद्धत मांडली. आजची श्रवण-रोपणं ज्या तत्त्वावर उभी आहेत तीच ही पद्धत. तिची चाचणी झाली ती इनेरेड बसवलेल्या सात लोकांवर.

रिचर्ड नॉर्मन युटात आले ते सत्तरचं दशक संपता संपता. मूळचे विद्युत् अभियंते, पण संशोधन डोळ्यातल्या दृष्टिपटलाचं. प्रकाश कमी-जास्त झाला की दृष्टिपटलातल्या पेशी स्वतःला कसं जुळवून घेतात, यावर त्यांचा अभ्यास होता. डोबेल तोवर युटा सोडून गेले होते, प्रश्न मात्र तिथेच होता. नॉर्मन यांनी तो हाती घेतला आणि इलेक्ट्रोड मेंदूच्या आत, पेशींच्या शेजारी नेऊन ठेवायचा, असं ठरवलं. किती आत? माणसाच्या मेंदूचा बाहेरचा करडा थर काही मिलिमीटर जाड असतो. त्याच्या दृष्टीच्या भागात, डोळ्याकडून येणारे संदेश ज्या चौथ्या थरात उतरतात तो पृष्ठभागापासून सुमारे दीड मिलिमीटर खाली असतो. युटाच्या सुईची लांबी तिथून आली.

आणि सुया किती? या प्रश्नाला उत्तर देण्याची त्यांची रीत मला फार आवडते. मेंदूला हात लावण्याआधी त्यांनी डोळस माणसांवर प्रयोग केले. डोळ्यांपुढे एक छोटा पडदा, त्यावर बारीक भोकांची जाळी, पाठीशी कॅमेरा. माणसाला जग दिसणार ते फक्त त्या ठिपक्यांतून. मग त्याला अडथळ्यांच्या वाटेतून चालायला सांगायचं. ठिपके कमी-जास्त करत, अंतर बदलत त्यांनी मोजलं. १९९२ साली नॉर्मन यांनी चा आणि हॉर्च या सहकाऱ्यांबरोबर मांडलेला निष्कर्ष असा, की २५ ओळींत २५, म्हणजे ६२५ ठिपके मेंदूच्या एक चौरस सेंटिमीटर भागात नीट उमटवता आले, तर माणूस बऱ्यापैकी आत्मविश्वासाने वावरू शकेल. आधी गरज मोजायची, मग वस्तू घडवायची. शंभर सुयांचा एक तुकडा आणि असे काही तुकडे शेजारी शेजारी, या आराखड्याशी ६२५ हा आकडा जुळत होता.

आता वस्तू. चिप बनवणारे कारखाने सिलिकॉनवर काम करतात ते सपाट, पृष्ठभागावर. मिशिगन विद्यापीठात केन्सल वाइज यांचा गट याच पद्धतीने पातळ, चपटी पाती बनवत होता आणि एका पात्यावर अनेक इलेक्ट्रोड बसवत होता. नॉर्मन यांना हव्या होत्या उभ्या सुया, आणि त्यांच्या गटाने उलट मार्ग धरला. सिलिकॉनचा जाड ठोकळा घ्यायचा आणि नको असलेला भाग काढून टाकायचा. चिपचे तुकडे पाडायला वापरतात ती हिऱ्याच्या धारेची करवत त्यांनी ठोकळ्यावर चालवली. आधी मागच्या बाजूने उथळ खाचा पाडायच्या, त्यांत काच वितळवून भरायची आणि पृष्ठभाग घासून सारखा करायचा. या काचेमुळे एका सुईची वीज दुसरीत जात नाही. मग पुढच्या बाजूने दीड मिलिमीटर खोल कापत जायचं, एकदा उभं, एकदा आडवं. शंभर चौकोनी खांब उभे राहतात. मग आम्लाची पाळी. आधी आम्ल खेळतं ठेवून खांब सगळीकडून बारीक करायचे, मग स्थिर ठेवून टोकं अणकुचीदार करायची. टोकांवर प्लॅटिनम चढवायचं. सगळ्या अंगावर रोधक लेप द्यायचा. सुरुवातीला पॉलिइमाइडचा, पुढे पॅरिलीनचा. शेवटी टोक उघडं करायचं. त्यासाठी सुया ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून भोसकून टोकं तेवढी पलीकडे काढायची आणि बाहेर आलेल्या भागावरचा लेप ऑक्सिजनच्या प्लाझ्माने जाळून टाकायचा.

या रीतीचे निबंध १९९१ आणि १९९२ साली आले. पॅट्रिक कँपबेल आणि केली जोन्स ही त्यांतली आघाडीची नावं. काचेची युक्ती जोन्स यांच्या निबंधातली. पत्र्यातून सुया भोसकायचं काम एका वेळी एकाच तुकड्यावर व्हायचं आणि प्रत्येक टोक सारखं उघडं पडेलच असं नसे. पुढे राजमोहन भंडारी, संदीप नेगी आणि फ्लोरियन सोल्झबाकर यांनी एका मोठ्या चकतीवर एकाच वेळी अनेक तुकडे घडवण्याची पद्धत बसवली आणि २०१० च्या सुमारास ती प्रसिद्ध केली. कुशल हाताची वस्तू कारखान्यात आणण्याचा हा टप्पा वर्तमानपत्रांत कधी आला नाही. एकसारखा, भरवशाचा माल मिळाला नसता, तर माणसांवरच्या चाचण्यांची परवानगी कुणी दिली असती?

सुया तयार झाल्या आणि एक अवघड प्रश्न समोर आला. एक बारीक सुई मेंदूत सहज जाते. शंभर सुया एकदम दाबल्या की त्या आत जातच नाहीत. घट्ट लागलेल्या दह्यावर काट्याचा चमचा हलके ठेवून दाबत गेलं, तर साय आधी खाली खचते आणि फाटते ती नंतर, वेडीवाकडी. मेंदूचा पृष्ठभागही तसाच खचतो, खालच्या रक्तवाहिन्या दबतात, आणि सुया अर्धवट बसतात. युटातल्या पॅट्रिक रूश आणि नॉर्मन यांनी १९९२ साली याचं उत्तर छापलं : वेग. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या हातोड्याने तुकड्याच्या पाठीवर एकच ठोका द्यायचा. पृष्ठभागाला खचायला वेळच मिळू नये, इतक्या झपाट्याने सुया आत गेल्या पाहिजेत. त्यांनी वेग मोजला : शंभर सुया पूर्ण दीड मिलिमीटर नीट बसायला सेकंदाला किमान ८.३ मीटर. मेंदूच्या शस्त्रक्रियेत हातोडा ही कल्पना ऐकायला भयंकर वाटते. पण जखम सर्वात कमी होते ती अशाच रीतीने. माणसांवरही आज हीच पद्धत वापरली जाते.

आत गेलेली सुई नेमकं काय ऐकते? चेतापेशी संदेश देते तेव्हा तिच्या पडद्यातून आयनांची ये-जा होते आणि सुमारे एक मिलिसेकंद टिकणारी विजेची उसळी उठते. पेशीबाहेर तिची उंची काही दहा ते काही शे मायक्रोव्होल्ट एवढीच. टोक पेशीपासून शंभर-एक मायक्रोमीटरच्या आत असेल, तरच ती गोंगाटातून वेगळी काढता येते. एकाच टोकाजवळ दोन-तीन पेशी असतील, तर प्रत्येकीच्या उसळीचा आकार थोडा निराळा असतो, आणि त्यावरून त्या ओळखता येतात. म्हणून प्रत्येक सुईचा संकेत सेकंदाला ३०,००० वेळा मोजतात. शंभरपैकी कोपऱ्यातल्या चार सोडून ९६ सुयांना केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडलेल्या असतात. तारांची जुडी कवटीवर स्क्रूने बसवलेल्या जोडणीपर्यंत जाते. इनेरेडसारखीच कातडीतून बाहेर येणारी जोडणी. तो वारसा युटाकडे आधीपासून होता, आणि त्याचे गुण-दोषही त्याच्याबरोबर आले.

नव्वदच्या दशकात मांजरांवरच्या प्रयोगांतून सुया महिनोन्महिने काम करतात हे दिसलं. मग नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी ‘बायॉनिक टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी काढली आणि सुया बाहेरच्या प्रयोगशाळांना मिळू लागल्या. ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठात जॉन डॉनह्यू यांच्याकडे त्या पोहोचल्या. त्यांना डोळ्यांत रस नव्हता. ते हाताची हालचाल ठरवणाऱ्या भागाचा अभ्यास करत होते. २००२ साली त्यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं, की माकडाच्या मेंदूतल्या अवघ्या ७ ते ३० पेशींचं बोलणं ऐकून पडद्यावरचा ठिपका हलवता येतो. त्याच वर्षी ब्राउनमधून निघालेली ‘सायबरकायनेटिक्स’ आणि बायॉनिक टेक्नॉलॉजीज या कंपन्या एक झाल्या. अंधांना दृष्टी देण्यासाठी घडवलेली वस्तू लकवा आलेल्यांच्या कामी येणार होती.

२२ जून २००४. मानेत झालेल्या दुखापतीमुळे मानेखालचं शरीर तीन वर्षं निकामी असलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ९६ सुया बसवल्या गेल्या. प्रयोगाचं नाव ‘ब्रेनगेट’. सगळ्यांनाच एक शंका होती : हात तीन वर्षं हललाच नाही, तर हात हलवणारा मेंदूचा भाग अजून बोलत असेल का? तो बोलत होता. तरुणाने हात हलवण्याचा विचार केला की पेशी उसळत होत्या. त्याने पडद्यावरचा बाण हलवला, ईमेल उघडली, दूरचित्रवाणीचा आवाज कमी-जास्त केला. २००६ च्या जुलैत ‘नेचर’ने ही हकीकत छापली. मला या साऱ्या इतिहासातला सर्वात मोठा शोध हाच वाटतो. शरीराशी संबंध तुटूनही मेंदू आपलं काम विसरत नाही, हे याआधी कुणालाच इतकं थेट माहीत नव्हतं. उपचाराची सगळी आशा त्यावर उभी आहे.

पैशाची बाजू मात्र कच्ची होती. २००८-०९ च्या मंदीत सायबरकायनेटिक्स बंद पडली. ब्रेनगेटची चाचणी विद्यापीठांनी आणि रुग्णालयांनी सावरली. सुया बनवण्याचं काम २००८ साली सॉल्ट लेक सिटीतच सोल्झबाकर आणि मार्कस गेरहार्ट यांनी उभ्या केलेल्या ‘ब्लॅकरॉक’ या कंपनीकडे आलं. हे घडलं नसतं तर ज्यांच्या डोक्यात सुया होत्या त्यांचं काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. मेंदूत रोपण केलेली वस्तू विकणाऱ्याने कंपनी बुडाली तरी पुढची वीस वर्षं दुरुस्तीची हमी कशी द्यायची, याचा नियम कुठेही पक्का झालेला नाही. तो व्हायला हवा.

पुढच्या वर्षांतल्या बातम्या भराभर सांगतो. २०१२ : मेंदूच्या खोडातल्या आघातामुळे जवळजवळ पंधरा वर्षं हलू-बोलू न शकणाऱ्या एका स्त्रीने यंत्राच्या हाताने बाटली उचलून तोंडाशी आणली आणि स्वतःहून कॉफी प्यायली, सहापैकी चार वेळा जमलं. सुया बसून तेव्हा पाच वर्षं उलटली होती. २०२१ : मनातल्या मनात हाताने लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर मेंदूतून वाचलं गेलं, मिनिटाला ९० अक्षरं. २०२३ : बोलू पाहणाऱ्या स्त्रीचे शब्द, मिनिटाला ६२. २०२४ : स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने वाचा गेलेला एक माणूस २५६ इलेक्ट्रोडांच्या मदतीने, सव्वा लाख शब्दांच्या भांडारातून, ९७ टक्क्यांहून अधिक अचूकपणे बोलू लागला. आवाजही त्याच्या आजारापूर्वीच्या आवाजासारखा घडवलेला होता. ब्राउन, स्टॅनफर्ड, कॅलिफोर्नियाचं डेव्हिस, पिट्सबर्ग : गावं निरनिराळी, संगणकाची गणितं निरनिराळी, सुया सॉल्ट लेक सिटीच्या.

ऐकण्यापेक्षा बोलणं अवघड असतं, सुईसाठीही. धातूत वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांनी. मेंदूच्या खारट द्रवात ती वाहते आयनांनी. या दोघांची अदलाबदल सुईच्या टोकावर, काही हजार चौरस मायक्रोमीटरच्या पृष्ठभागावर घडवून आणायची असते. टोकावर जास्त विद्युत्‌भार लादला, तर पाण्याचं विघटन होतं, वायूचे बुडबुडे येतात, आम्लता बदलते, धातू झिजतो, आणि शेजारची पेशी मरते. म्हणून दर वेळी दोन उलट ठोके देतात : आधी ऋण, मग लगेच तेवढाच धन, म्हणजे शिल्लक भार शून्य. तरीही प्लॅटिनमची मर्यादा लवकर येते. इथे इरिडियम ऑक्साइड उपयोगी पडलं. या थरात आयन आत-बाहेर करतात, धातूची अवस्था उलटसुलट बदलते, आणि त्याच क्षेत्रफळातून कितीतरी जास्त भार सुखरूप सोडता येतो. युटात नेगी, भंडारी आणि लोरेन रीथ यांनी सुयांच्या टोकांवर हा थर नीट बसवण्यावर मन लावून काम केलं.

त्याचं फळ पिट्सबर्गमध्ये दिसलं. तिथे एका लकवाग्रस्त तरुणाच्या मेंदूत, स्पर्श कळणाऱ्या भागात, इरिडियम ऑक्साइडच्या टोकांच्या सुया बसवल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालं, की वीज सोडल्यावर त्याला स्वतःच्याच बोटांवर दाबल्यासारखं जाणवतं. २०२१ साली कळलं, की यंत्राच्या हाताला असा स्पर्श दिला की वस्तू उचलून ठेवायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो. डोळ्यांनी पाहून हात चालवणं आणि हाताला कळून हात चालवणं यांतला फरक त्या आकड्यात आहे.

युटात आणखी एक फाटा फुटला. हातापायांच्या मज्जातंतूत धागे निरनिराळ्या खोलीवर असतात. सगळ्या सुया सारख्या लांबीच्या असल्या तर त्या एकाच पातळीवरच्या धाग्यांशी बोलतील. म्हणून अर्ध्यापासून दीड मिलिमीटरपर्यंत उतरत्या लांबीच्या सुया केल्या. त्या दंडातल्या मज्जातंतूत बसवून ग्रेगरी क्लार्क यांच्या गटाने, हात गमावलेल्या माणसाला ‘ल्यूक’ या कृत्रिम हाताचा स्पर्श जाणवून दिला. २०१९ साली ते छापून आलं. त्या माणसाने अंडं न फोडता उचललं, द्राक्ष न चिरडता तोडलं.

आणि डोळे? ज्या प्रश्नातून हे सारं निघालं, तो तीस वर्षं थांबला. स्पेनमधल्या एल्चे इथल्या मिगेल एर्नांदेस विद्यापीठात एदुआर्दो फर्नांदेस यांनी नॉर्मन आणि युटाच्या सहकाऱ्यांबरोबर तो पुढे नेला. सोळा वर्षं पूर्ण अंध असलेल्या, एकेकाळी विज्ञान शिकवणाऱ्या ५७ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूत, दृष्टीच्या भागात, ९६ सुया सहा महिने होत्या. तिला ठिपके दिसले, साधे आकार आणि काही अक्षरं ओळखता आली. एका सुईला लागणारा प्रवाह काही दहा मायक्रोॲम्पिअर, म्हणजे डोबेल यांच्या काळच्या मानाने अगदी थोडा. २०२१ च्या त्या निबंधाच्या लेखकांत तिचंही नाव आहे, आणि ते योग्यच आहे. दिसणारा ठिपका नेमका कुठे, किती मोठा, किती तेजस्वी, हे तिच्यावाचून कोण सांगणार होतं? ६२५ ठिपके अजून दूर आहेत. पण नॉर्मन यांनी धरलेली दिशा बरोबर होती.

आता अडचणींकडे येतो. सुई सिलिकॉनची, कडक. मेंदू त्याहून अनेक पटींनी मऊ, आणि श्वासागणिक, नाडीगणिक थोडा हलणारा. मेंदूतल्या संरक्षक पेशी परक्या वस्तूभोवती जमतात आणि दाट कवच तयार करतात. युटातच पॅट्रिक ट्रेस्को यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००५ साली त्यांच्या गटाने दाखवलं, की सिलिकॉनचा इलेक्ट्रोड रोवलेला राहिला की त्याच्या लगतच्या चेतापेशी कमी होतात. ज्या पेशींचं ऐकायला गेलो, त्याच पांगतात. जिथे सुया घडल्या, त्याच विद्यापीठाने सुयांचा दोष मोजून जगापुढे मांडला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तरी सर्वात जास्त घात करणारी गोष्ट ती नव्हे. ब्राउनच्या गटाने २०१३ साली २७ माकडांत बसवलेल्या ७८ तुकड्यांचा हिशेब मांडला. जे बंद पडले, त्यांतले निम्म्याहून अधिक पहिल्या वर्षातच पडले. जवळजवळ निम्म्यांचं कारण निव्वळ यांत्रिक होतं, आणि त्या यांत्रिक कारणांत ८३ टक्के वाटा होता जोडणीचा. मेंदू नाही, पेशी नाही, गणितही नाही : कवटीवरचा तो खुंट आणि त्यातल्या पिना. माणसांबाबत चित्र पुष्कळ बरं आहे. २००४ ते २०२१ या काळात ब्रेनगेटमध्ये सुया बसवलेल्या १४ जणांचा, मिळून १२,२०३ दिवसांचा अहवाल २०२३ साली आला. मेंदूत संसर्ग एकालाही झाला नाही, उपकरणामुळे कुणी दगावलं नाही, आणि धोक्यामुळे कुणाचं रोपण काढावं लागलं नाही. पण सहभागी माणूस डोक्यातून निघालेल्या केबलने यंत्राला बांधलेला असतो. त्या जागेची रोज निगा राखावी लागते. घरी एकट्याने वापरायची ही वस्तू नाही.

कातडीखाली पूर्ण बंद होणारी, बिनतारी यंत्रं आता आली आहेत. ‘न्यूरालिंक’ या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये ६४ लवचिक धाग्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड असलेलं पहिलं रोपण केलं, आणि पहिल्याच माणसात काही धागे मेंदूतून मागे सरकले. मऊपणाने एक प्रश्न सुटतो, तेव्हा दुसरा उभा राहतो. ब्लॅकरॉककडेही बिनतारी उपकरणाचं काम चालू आहे. युटाच्या सुया माणसात कायमच्या बसवायचा सर्वसाधारण परवाना अजून कुठेच नाही. ३० दिवसांहून कमी काळाच्या तपासणीसाठी अमेरिकेत मान्यता आहे, त्यापुढचं सगळं संशोधनाच्या खास परवानगीने.

म्हणून एक विनंती करतो, ती आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः धातुशास्त्र, पॉलिमर, काच आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना. हा विषय मेंदूच्या डॉक्टरांचा म्हणून सोडून देऊ नका. शरीराच्या खारट, उबदार पाण्यात वीस वर्षं न गंजणारा सांधा. शेकडो तारा आत घेऊन पाण्याचा थेंबही न शिरू देणारी डबी. हलणाऱ्या मेंदूबरोबर हलणारी आणि न तुटणारी तार. ही कामं अजून कुणाचीच पूर्ण झालेली नाहीत. ती तुमच्याच अभ्यासक्रमातली आहेत, आणि त्यांच्यासाठी आत्ता माणसं हवी आहेत.